मूठ न सोडता : हात आणि गिअर यांचा इतिहास

सायकलचा इतिहास आपण १८१७ पासून, कार्ल द्राइसच्या लाकडी दुचाकीपासून सांगतो. पण न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फचे घड्याळजी श्टेफान फारफ्लर यांनी १६५५ च्या सुमारासच हातानं दांडा फिरवून चालणारी तीनचाकी केली होती. त्यांना चालता येत नव्हतं; गाडी स्वतःसाठीच केली. म्हणजे हातांची गाडी ही पायांच्या सायकलीची उशिरा फुटलेली फांदी नव्हे. ती थोरली बहीण आहे.

गिअर मात्र धाकटीसाठी घडले. साध्या सायकलीत एक गोष्ट गृहीत असते : जोर पायांचा, हात मोकळे. हँडसायकलमध्ये हातच इंजिन. शिफ्टर दाबायला एक हात काढला की अर्धं इंजिन बंद. चढावर तर गाडी थांबते, मागे घसरू लागते. बरं, शिफ्टर मुठीवरच बसवावा, तर मूठ गोल फिरते, तिच्याबरोबर केबलही पिळत जाणार. म्हणून शिफ्टर चौकटीवर बसवायचा आणि गिअर बदलताना हात सोडायचा, अशी तडजोड झाली.

आता गंमत बघा. टूर द फ्रान्सचे आद्य संचालक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे शरीराच्या कसोटीत दिलेली सूट वाटे. तिथे डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. पुढे त्याच शर्यतपटूंसाठी शिमानोनं १९८४ मध्ये प्रत्येक गिअरला ठरलेला 'टक्' आणला आणि १९९० मध्ये ब्रेक आणि शिफ्टर एकत्र केले. हेतू हाच की हात हँडलवरून निघू नये. शर्यतपटूचा त्यात एखादा क्षण वाचतो. हँडसायकलवाल्याची ती मूळ गरज, पण तिच्यासाठी कोणी घाई केली नव्हती.

केबलच्या शिफ्टरला स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध अंगठ्याचा जोर लागतो. मानेच्या मणक्याला इजा होऊन बोटांतलं बळ गेलं असेल, तर तो जोर आणायचा कुठून? माविकनं १९९० च्या दशकात विजेवरचे गिअर करून पाहिले. २००९ मध्ये शिमानोचे आले, २०१५ मध्ये स्रॅमचे बिनतारी. इथे डिरेलर हलवते ती मोटर. माणसानं फक्त सांगायचं. तार नाही, त्यामुळे बटण फिरत्या मुठीवरही बसतं. ज्या अवयवात हालचाल उरली आहे, त्याच्याजवळही बसवता येतं. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर इच्छा आणि बळ इथे वेगळे झाले. ठरवण्याचा अधिकार स्नायूंच्या ताकदीवर अवलंबून राहिला नाही.

पण बटणाला देव्हाऱ्यात बसवू नका. बॅटरी संपली की गिअर आहे तिथेच अडकतो आणि किंमतही भारी. केबल तुटली तर कोपऱ्यावरचा सायकलवाला बदलून देतो.

आपल्याकडे १९८१ पासून अपंगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना आहे. तिच्यातल्या हातानं चालवायच्या तीनचाक्या आपण रस्त्यावर पाहतो. त्यातल्या बहुतेकींना एकच गिअर असतो. उड्डाणपुलाच्या चढावर मागून कोणीतरी ढकलावं लागतं आणि आपण त्याला मदत म्हणतो. चाकाच्या तुंब्यात बंद असलेला, धूळ-पाऊस सोसणारा, बॅटरी न लागणारा तीन गिअरचा संच नॉटिंगहॅममध्ये १९०३ च्या सुमारास बनू लागला. त्याला आज एकशेवीस वर्षं झाली. बिनतारी बटण परवडेल तेव्हा परवडेल. दुसरा गिअर अजून का नाही, याला तंत्रज्ञानाचं कारण पुढे करता येणार नाही.