ऑल्ट-टॅबचा क्रम कोण ठरवतो? हलक्या लिनक्स डेस्कटॉपमधील विंडो-बदलाचा इतिहास

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ साली बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी ज्या एक्स विंडो सिस्टिमचे काम हाती घेतले, तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये बाहेर पडली आणि युनिक्स व पुढे लिनक्सच्या पडद्याचा पाया तीच ठरली. या प्रणालीच्या रचनेत एक तत्त्व कसोशीने पाळलेले होते. पडद्यावर आकृती रेखाटणे आणि कीबोर्ड-माऊसच्या हालचाली योग्य प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवणे एवढेच काम एक्स सर्व्हर करी. विंडो कोठे मांडायची, तिला चौकट कशी द्यायची आणि अनेक विंडोंपैकी कोणती पुढे आणायची, हे सर्व निर्णय विंडो मॅनेजर नावाच्या स्वतंत्र प्रोग्रॅमवर सोपवलेले होते, आणि तो प्रोग्रॅम वापरणाऱ्याला हवा तेव्हा काढून त्या जागी दुसरा बसवता येत असे. एका विंडोवरून दुसरीवर जाण्याची रीत लिनक्सवर इतक्या निरनिराळ्या प्रकारे घडत गेली, याचे मूळ या विभागणीत आहे.

टॉम लास्ट्रेंज यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या टीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरमध्ये ही रीत आजच्या वाचकाला अनोळखी वाटावी अशी होती. त्यात ‘विंडोरिंग’ नावाची एक यादी वापरणारा स्वतः सेटिंगच्या फाइलमध्ये लिहीत असे आणि ठरवलेली कळ दाबली की माऊसचा बाण त्या यादीतील पुढच्या विंडोवर उडी घेई. माऊसचा बाण जिच्यावर असेल तीच विंडो टंकलेखन स्वीकारत असल्यामुळे बाण हलवणे म्हणजेच विंडो बदलणे होते. रॉबर्ट नेशन यांनी १९९३ मध्ये टीडब्ल्यूएमच्या संहितेत फेरफार करून एफव्हीडब्ल्यूएम तयार केला, तो मुख्यतः मेमरीची बचत व्हावी म्हणून. त्यातही कोणती विंडो फेरीतून वगळायची हे एका ओळीत सांगता येई, त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ दर फेरीत मध्ये येत नसे. काटकसर आणि मुभा यांची हलक्या डेस्कटॉपांच्या परंपरेत पुढे कायम दिसणारी जोडी येथेच जमली.

ऑल्ट आणि टॅब या कळांची जोडी जगभर रुळवली ती मात्र मायक्रोसॉफ्ट विंडोजने. १९९२ च्या ३.१ या आवृत्तीत पडद्याच्या मध्यभागी प्रोग्रॅमचे चिन्ह व नाव दाखवणारी छोटी पेटी आली आणि विंडोज ९५ मध्ये त्या पेटीत सर्व चिन्हे एकत्र दिसू लागली. या पद्धतीत सर्वांत अलीकडे वापरलेली विंडो यादीत आधी येते, म्हणून कळांची जोडी एकदा दाबली की मागच्या विंडोवर जाता येते आणि पुन्हा दाबली की परत येता येते. दोन कागदपत्रे ताडून पाहणाऱ्याला याहून सोयीची रीत नाही. परंतु आठ-दहा विंडो उघड्या असतील, तर प्रत्येक बदलानंतर यादीचा क्रम नव्याने लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या स्थानावर कोणती विंडो आहे हे ध्यानात ठेवणे अवघड होते. अशा वेळी कधीही न बदलणारा स्थिर क्रम अनेकांना अधिक भरवशाचा वाटतो आणि ही मागणी केवळ आवडीनिवडीची म्हणून बाजूला सारता येत नाही.

एक्सवर चालणाऱ्या लिनक्सच्या पडद्यावर या कळा दाबल्यावर काय घडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. विंडो मॅनेजरने ही जोडी स्वतःसाठी आधीच राखून ठेवलेली असते, म्हणून ती दाबताच समोरच्या प्रोग्रॅमला तिचा पत्ताही लागत नाही. त्यानंतर विंडो मॅनेजर कीबोर्ड पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतो, टॅबच्या प्रत्येक दाबासरशी यादीत एक पाऊल पुढे सरकतो आणि ऑल्टवरचे बोट उचलले की निवड पक्की करून कीबोर्ड सोडून देतो. या काही क्षणांत निवडलेली विंडो लगेच वर आणायची की तिच्याभोवती नुसती चौकट दाखवायची, लहान केलेल्या विंडो मोजायच्या की नाहीत, दुसऱ्या कार्यपटलावरच्या, म्हणजे वर्कस्पेसवरच्या, विंडो घ्यायच्या की नाहीत, असे कितीतरी निर्णय दडलेले असतात.

हे निर्णय वापरणाऱ्यापुढे उघड मांडण्याचे काम एक्सएफसीई या डेस्कटॉपने मोठ्या निष्ठेने केले. ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी १९९६ च्या अखेरीस तो सुरू केला तेव्हा तो एक्सफॉर्म्स या साधनसंचावर बेतलेला होता आणि त्या संचाचा परवाना मुक्त नसल्यामुळे रेड हॅटने तो आपल्या वितरणात घेतला नाही; १९९९ मध्ये जीटीके या मुक्त संचाच्या आधारे त्याचे पुनर्लेखन झाले आणि २००३ मध्ये ४.० ही आवृत्ती आली. तिच्यातील एक्सएफडब्ल्यूएम४ या विंडो मॅनेजरच्या बारीक सेटिंगसाठी वेगळी खिडकीच दिलेली आहे आणि तिचा एक संपूर्ण विभाग विंडोंच्या फेरीसाठी राखलेला आहे. वर सांगितलेला जवळपास प्रत्येक निर्णय तेथे एका खुणेने बदलता येतो. २००९ च्या ४.६ आवृत्तीपासून हीच सेटिंग्ज एक्सएफकॉन्फ या सामाईक साठ्यात राहू लागली, त्यामुळे टर्मिनलमधल्या एका आज्ञेनेही ती पालटता येतात. २०१५ च्या ४.१२ मध्ये विंडोंची छोटी प्रतिमा दाखवण्याची आणि चिन्हांऐवजी उभी यादी मांडण्याची सोय झाली. सुपर आणि टॅब या कळांनी एकाच प्रोग्रॅमच्या विंडोंपुरती वेगळी फेरीही घेता येते.

ओपनबॉक्सने वेगळी वाट धरली. ब्लॅकबॉक्सपासून निघालेला हा विंडो मॅनेजर २००३ च्या तिसऱ्या आवृत्तीत सी भाषेत नव्याने लिहिला गेला आणि त्याची कळांबाबतची सगळी सेटिंग्ज एका एक्सएमएल फाइलमध्ये शब्दांनी लिहिलेली असतात. तेथे ‘नेक्स्टविंडो’ ही क्रिया ऑल्ट-टॅबला जोडलेली असते. तिच्या पोटात ‘लिनिअर’ या नावापुढे होकार लिहिला की अलीकडच्या वापराचा क्रम बाजूला पडून स्थिर क्रम लागू होतो, आणि ‘फायनलअ‍ॅक्शन्स’ या भागात बोट उचलल्यावर विंडोचे काय करायचे हेही वापरणारा लिहू शकतो. डावीकडची, उजवीकडची, वरची किंवा खालची विंडो निवडण्याची दिशानिष्ठ फेरीसुद्धा त्यात आहे. तैवानचे हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या एलएक्सडीईने ओपनबॉक्सच स्वीकारला, मात्र त्यासाठी वेगळ्या नावाची फाइल ठरवली. त्यामुळे ओपनबॉक्सच्या मूळ फाइलमध्ये कितीही बदल केले तरी पडद्यावर काहीच फरक का पडत नाही, असा पेच अनेक नवख्यांपुढे उभा राहत असे.

याच काळात मोठे डेस्कटॉप उलट दिशेने चालले होते. एप्रिल २०११ मध्ये आलेल्या ग्नोम ३ ने ऑल्ट-टॅबमध्ये विंडोंऐवजी प्रोग्रॅमचे गट दाखवणे ही मूळ रीत केली. त्या नव्या घडणीला नाकारून जुन्या ग्नोम २ ची संहिता पुढे चालवणारा मेट हा डेस्कटॉप त्याच वर्षी जन्मला.

क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेने १९८० च्या दशकातली विभागणीच मिटवली, कारण तीत पडदा रंगवणारा आणि विंडो सांभाळणारा प्रोग्रॅम एकच असतो. त्यामुळे विंडो मॅनेजर तेवढा बदलून फेरीची रीत पालटण्याची जुनी सोय राहत नाही. सगळा संयोजकच, म्हणजे कंपोझिटरच, बदलावा लागतो. एक्सएफसीईच्या डिसेंबर २०२४ मधील ४.२० आवृत्तीत वेलँडचा प्रायोगिक आधार आला, पण एक्सएफडब्ल्यूएम४ एक्सवरच राहिला, म्हणून वेलँडवर विंडोंची फेरी लॅबडब्ल्यूसीसारख्या परक्या संयोजकाकडे जाते. रास्पबेरी पाय ओएसनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये लॅबडब्ल्यूसी स्वीकारला. ओपनबॉक्सच्या नमुन्यावर घडवलेला हा संयोजक ओपनबॉक्सच्याच धाटणीची फाइल वाचतो, ‘नेक्स्टविंडो’ हे नावही त्यात तसेच आहे आणि फेरीच्या पेटीत विंडोबद्दल कोणकोणती माहिती दाखवायची, हे आजही वापरणाराच त्या फाइलमध्ये लिहू शकतो.