सहा सेंटिमीटर

गेल्या वर्षी धाकट्या भावाला मुलगी झाली आणि आईने माळ्यावरचा पाळणा खाली काढायला लावला. सागवानी पाळणा, दोन्ही बाजूंना कातीव गज, चारही कोपऱ्यांना पितळी कड्या. वडिलांपासून आमच्या घरातली अकरा बाळे त्यात निजली. बारशाच्या आदल्या दिवशी तो धुऊनपुसून ठेवला होता. मी सवयीने पट्टी घेतली आणि दोन गजांमधले अंतर मोजले. ते नऊ सेंटिमीटर भरले. हे अंतर जास्त आहे, असे मी म्हणताच आई म्हणाली, "अगं, तुम्ही सगळी यातच वाढलात. कुणाला काही झालं का?"

आईचा प्रश्न अगदी रास्त होता. अकरा बाळे निजली आणि अकराही सुखरूप राहिली, हे निरीक्षण खरेच आहे. मात्र पाळणा सुरक्षित आहे की नाही, हे त्यावरून ठरवता येते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेले तर एक लांबलचक इतिहास हाती लागतो. त्यातला सर्वांत तपशीलवार नोंदलेला भाग अमेरिकेतला आहे. तिथे बाळाला कठडे असलेल्या छोट्या खाटेत निजवतात. आपल्याकडच्या दुकानांत आता तिला 'क्रिब' किंवा 'बेबी कॉट' म्हणतात.

गजांमधून काय जाते आणि काय जात नाही

आधी धोका कसला ते पाहू. मोठ्या माणसाच्या शरीरात खांदे सर्वांत रुंद असतात. तान्ह्या बाळाचे तसे नसते. जन्मतः डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो आणि डोके कानांच्या वर नऊ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. शिवाय ते कठीण असते. त्यामानाने कंबर, पोट आणि छाती मऊ असते, दाबली जाते. बाळ झोपेत वळवळत कडेला सरकते, पाय दोन गजांमधून बाहेर जातात, मागोमाग कंबर आणि धड निसटते. डोके मात्र अडकते. आता शरीराचा भार हनुवटी आणि मानेवर येतो. स्वतःला वर ओढून घेण्याची ताकद बाळाकडे नसते. मान दाबली गेल्यामुळे त्याला रडताही येत नाही.

म्हणजे फट फार अरुंद असेल तर धोका नाही. फार रुंद असेल तर डोकेही बाहेर येईल आणि बाळ खाली पडेल. घात करते ती मधली फट. धड जाईल आणि डोके जाणार नाही, अशी. त्यामुळे गजांमधले अंतर ठरवताना डोके मोजून भागत नाही. लहान चणीच्या बाळाची कंबर मोजावी लागते, आणि तीही दाबल्यावर किती भरते ते पाहावे लागते. सरासरी बाळ इथे उपयोगाचे नाही. सरासरीवर अंतर ठरवले तर सरासरीहून बारीक असलेली निम्मी बाळे धोक्यात राहतील.

१९६७ ते १९७४

साठच्या दशकात अमेरिकेतल्या खाटांच्या गजांमध्ये आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत अंतर असे. बाळ अडकून दगावले की तो त्या घरावर कोसळलेला अपघात मानला जाई. आईवडील स्वतःला दोष देत. डॉक्टरच्या उभ्या आयुष्यात अशी एखादीच घटना येई, किंवा एकही येत नसे.

१९६७ साली अमेरिकी संसदेने घरगुती वस्तूंपासून होणाऱ्या इजांचा अभ्यास करण्यासाठी एक राष्ट्रीय आयोग नेमायचे ठरवले. १९७० साली आलेल्या त्याच्या अहवालात धोकादायक वस्तूंमध्ये बाळांच्या खाटाही होत्या. दरम्यान १९६९ मध्ये कायदा बदलला आणि ज्यांची रचनाच धोकादायक आहे अशा मुलांच्या वस्तूंवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुढे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी कायमस्वरूपी आयोग स्थापन झाला. त्याने १९७३ साली खाटांचे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी १९७४ पासून ते लागू झाले.

नियमांतली मुख्य अट अशी होती: दोन गजांमध्ये कुठेही सहा सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. गज लवचीक असतील तर? त्याचाही विचार होता. नऊ किलोग्रॅमचा जोर लावल्यावरही फट ६.३ सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये. गज वाकडेतिकडे, नक्षीचे असतील तर सहा सेंटिमीटर रुंदीचा ठोकळा घेऊन तपासायचे. खाटेची आतली लांबी-रुंदीही ठरवून दिली, म्हणजे कुठल्याही दुकानातली गादी नीट बसेल आणि गादी व कठडा यांच्यात बाळाचे तोंड अडकेल अशी खाच राहणार नाही.

आयोगाच्या अंदाजाप्रमाणे त्या काळी खाटेतल्या अशा अपघातांत वर्षाला दीडशे ते दोनशे बाळे दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा पन्नासच्या आसपास आला.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत वर्षाला तीस-पस्तीस लाख बाळे जन्मत. त्यांपैकी दीडशे-दोनशे म्हणजे ढोबळमानाने वीस हजारांत एक. धोका इतका असेल, तर कुठल्याही घरातली अकरा बाळे सुखरूप राहण्याची शक्यता ९९.९ टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे आमचा पाळणा धोक्याचा असता तरी अकरा बाळे सुखरूपच दिसली असती, आणि निर्धोक असता तरीही तेच दिसले असते. जे निरीक्षण दोन्ही शक्यतांत सारखेच येते, ते त्यांच्यात निवड करायला उपयोगी पडत नाही. आईचा अनुभव खोटा नव्हता. हा प्रश्न सोडवायला तो अपुरा होता. विरळ धोका दिसायचा तर लाखो घरांच्या नोंदी एकत्र ठेवाव्या लागतात.

कठड्यावरचा रंग

बाळ कठडा केवळ धरत नाही, दात येऊ लागले की चावतेही. १९१४ साली बाल्टिमोरच्या हेन्री थॉमस आणि केनेथ ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. खाटेच्या कठड्यावरचा पांढरा रंग त्याने चावून खाल्ला होता. त्या रंगात शिसे होते आणि शिशाच्या विषबाधेने तो मुलगा दगावला. त्याआधी दहा वर्षे, १९०४ मध्ये, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन यांनी व्हरांड्याच्या रंगीत कठड्यांवर बोट ठेवले होते. तरीही अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी यायला १९७८ साल उजाडले. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भाग इतके मर्यादित केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते अमलात आले. माळ्यावरून काढलेल्या जुन्या रंगीत पाळण्याला अर्थातच हे नियम लागू पडलेले नाहीत. जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर तो घरात कोरडा खरवडू नये. शिशाची धूळ तेवढीच घातक असते.

उपाय उरतो, कारण जाते

गज दूर दूर होते तेव्हा पालकांनी एक उपाय शोधला होता. कठड्याला आतून चारी बाजूंनी मऊ गादीची पट्टी बांधायची. तिला 'बंपर' म्हणत. त्या काळी त्यात तर्क होता. १९७४ नंतर नव्या खाटांची फट सहा सेंटिमीटरवर आली आणि बंपरचे कारण संपले. बंपर मात्र विकला जात राहिला. त्यावर ससे आणि चांदण्या आल्या, तो खाटेची शोभा झाला. आईवडिलांना वाटे, डोके आपटणार नाही.

२००७ साली ब्रॅडली थॅच आणि सहकाऱ्यांनी १९८५ ते २००५ या काळातल्या आयोगाच्या नोंदी तपासल्या. बंपरमुळे किंवा तशाच मऊ कडांमुळे झालेले २७ बालमृत्यू त्यांना सापडले. कुणाचे तोंड त्यात दबले होते, कुणी त्याच्या आणि गादीच्या मध्ये अडकले होते, कुणाच्या गळ्याला त्याची नाडी आवळली होती. २०११ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बंपर वापरू नका असे सांगितले आणि २०२२ च्या कायद्याने त्याची विक्रीच बंद झाली. कारण गेल्यानंतर उपाय जायला ४८ वर्षे लागली.

याहून मोठी चूक बाळाला निजवण्याच्या पद्धतीत झाली. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला रूढ झाला. बेंजामिन स्पॉक यांच्या लाखोंनी खपणाऱ्या पुस्तकातही तो होता. त्यामागचा तर्क पटण्याजोगा होता: उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल. तर्क पटला, मोजणी कुणी एकत्र केली नाही. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडले. पालथ्या बाळांना झोपेत अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे १९७० पर्यंतच्या आकड्यांतूनच दिसू शकत होते. तेव्हा ते कुणी एकत्र पाहिले असते, तर ब्रिटनमधली दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बाळे वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस 'बाळाला उताणे निजवा' ही मोहीम सुरू झाली आणि थोड्याच काळात असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. अमेरिकेत ही मोहीम १९९४ ची.

आपल्याकडे बहुतेक घरांत बाळ उताणेच निजवतात. पण आपल्याकडे डोक्याला आकार येण्यासाठी राईची उशी असते, कडेला लोड असतात, ऊब म्हणून दुलई असते. बंपरला लागू पडते तेच या सगळ्याला लागू आहे. मऊ वस्तूत तोंड दबले तर ते सोडवायला लागणारी मानेची ताकद पहिल्या काही महिन्यांत बाळाकडे नसते.

सरकता कठडा

शेवटची गोष्ट अलीकडची. वाकून बाळाला उचलणे सोपे जावे म्हणून खाटेची एक बाजू खाली सरकणारी करत. दुकानात नवी असताना ती सगळ्या चाचण्यांत उतरे. घरी गेल्यावर स्क्रू ढिले होत, प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटत, दुसऱ्या मुलाच्या वेळी खाट पुन्हा जोडताना एखादा भाग उलटा बसे. मग कठडा एका टोकाला सुटून तिरपी फट पडे. २००० नंतरच्या दशकात अशा खाटांत किमान ३२ बाळे दगावली. डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने निर्णय घेतला आणि २८ जून २०११ पासून सरकत्या कठड्याच्या खाटा बनवायला आणि विकायला बंदी झाली. जुन्या खाटांची विक्रीही त्यात आली. १९७४ चा नियम वस्तू नवी असतानाच्या मापांवर भर देत होता. २०११ च्या नियमांत खाट वारंवार हलवून, गादीखालच्या फळीवर पुन्हा पुन्हा भार टाकून ती किती टिकते, हेही तपासतात.

पट्टी आणि चेंडू

हे सारे घरी किंवा वर्गातही तपासता येते. टेनिसच्या चेंडूचा व्यास साधारण साडेसहा ते पावणेसात सेंटिमीटर असतो. तो गजांमधून सहज गेला, तर फट नक्कीच जास्त आहे. नाही गेला तरी पट्टीने मोजावे, कारण मर्यादा सहाची आहे. गादी घट्ट व सपाट असावी. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटेही शिरता कामा नयेत. कोपऱ्यातले खांब कठड्याच्या वर निघालेले नसावेत, त्यांत अंगडे अडकते. स्क्रू दर महिन्याला पिळून पाहावेत. आत फक्त बाळ असावे. झुलता पाळणा असेल तर आणखी एक ध्यानात ठेवायचे: तो कलंडला की बाळ एका बाजूच्या गजांकडे घरंगळते. म्हणून बाळ स्वतःहून कुशीवर वळू लागले की पाळणा बंद करावा.

वर्गात करायचे असेल तर पुठ्ठ्याला सहा आणि नऊ सेंटिमीटर रुंदीच्या दोन खाचा पाडाव्यात. एक कडक चेंडू आणि एक सैल भरलेली कापडी पिशवी दोन्ही खाचांतून घालून पाहावी. मग मुलांना विचारावे: आपल्या घरात कुणाला काही झाले नाही, यावरून काय सिद्ध होते? अकरा घरांऐवजी वीस हजार घरांची नोंद असती तर?

आमच्याकडे बारसे त्याच पाळण्यात झाले. तासाभराचा प्रसंग, आणि भोवती दहा माणसे. रात्री मात्र भाची नव्या खाटेत निजली. ती घ्यायला दुकानात गेलो तेव्हा भावजयीच्या पर्समध्ये टेनिसचा चेंडू होता. पहिल्या दोन खाटांच्या गजांमधून तो पलीकडे गेला. दुकानदार म्हणाला, "इतकी वर्षं विकतोय, कुणाची तक्रार नाही." मी काही बोलायच्या आत आईच त्याला म्हणाली, "तुमच्याकडे किती बाळांची नोंद आहे?"