घरी बांधलेली विमाने : वेग व कामगिरी

तयार सुट्या भागांच्या संचातून, म्हणजे किटमधून, किंवा स्वतःच्या आराखड्यावरून हौशी माणसाने कारखान्याबाहेर बांधलेली विमाने. खानदेशाशी या विषयाचा धागा जुळतो तो धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या टीएसी-००३ या सहा आसनी विमानाची चाचणी उड्डाणे २०२० मध्ये धुळ्यात झाली. हे किट नव्हते, आराखडाही यादव यांचाच. २०१६ च्या फेब्रुवारीत ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये. इतकी वर्षे चिकाटी धरणे हीच मोठी कामगिरी होय.

यादव यांनी २०१६ मध्ये सांगितलेला वेग १८५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३४२ किमी, आणि चढण मिनिटाला १,५०० फूट. विमान उडण्यापूर्वीचे हे आकडे अपेक्षा म्हणूनच वाचावेत. अमेरिकी किटमधले चार आसनी आरव्ही-१० हे २६० अश्वशक्तीवर ८,००० फुटांवरून ताशी सुमारे ३२० किमी जाते. लँसेअर ४-पी ३५० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनावर ५०० किमी ओलांडते, पण ते २४,००० फुटांच्या विरळ हवेत आणि लहान, गुळगुळीत पंखांमुळे. असे पंख उतरतानाही जास्त वेग मागतात, त्यामुळे धावपट्टी लांब लागते. नुसत्या अश्वशक्तीने वेग फारसा वाढत नाही. हवेच्या रोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने दहा टक्के जादा वेगासाठी सुमारे ३३ टक्के जादा शक्ती लागते.

खानदेशचा उन्हाळा ही तुलना आणखी अवघड करतो. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर; पण पारा ४३ अंशांवर गेला की तिथली हवा सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ होते. साध्या इंजिनाची शक्ती घटते, पंख्याची ओढ कमी पडते, धाव लांबते आणि चढण मंदावते. जळगावातही हेच घडते. म्हणून मे महिन्यातल्या दुपारचा आकडा डिसेंबरच्या सकाळच्या आकड्याशेजारी तसाच ठेवणे चूक.

विश्वासार्ह मोजणीसाठी विमान एकाच उंचीवर वेगवेगळ्या दिशांना उडवून, उपग्रहावरून मिळालेल्या वेगातून वाऱ्याचा परिणाम काढून टाकतात. सोबत वजन, तापमान, हवेचा दाब आणि इंजिनाचे फेरे नोंदवतात. जाहिरातींत बहुधा एकट्या वैमानिकासह गाठलेला कमाल वेग छापतात. प्रवासाच्या दृष्टीने भरल्या वजनाचा आकडा महत्त्वाचा.