बेटावरची बिऱ्हाडे

अमुक बेट अमुक साली ताब्यात आले, एवढे इतिहासात वाचायला मिळते. तेथे पहिली चूल कोणी पेटवली, हे मात्र शोधावे लागते. ग्रेट निकोबारचेच पाहा ना! चेन्नईपासून दीड हजार किलोमीटरांहून दूर, आणि सुमात्रा त्याहून कितीतरी जवळ. देशाच्या या टोकाशी आपली वस्ती असावी म्हणून सरकारने १९६९ पासून निवृत्त सैनिकांची कुटुंबे तेथे नेली. १९८० पर्यंत सुमारे ३३० बिऱ्हाडे झाली. त्यांत पंजाबी होते, दाक्षिणात्य होते, आपले मराठीही होते.

वसाहत शिपायांची म्हणायची, पण मला वाटते, खरी कसोटी बायकांचीच लागली. पुरुषांना पलटणीची हिंदी येत होती. शेजारणीशी बोलायला यांना मात्र ती नव्याने शिकावी लागली असेल. वर जंगल, पाऊस, आणि नारळ-सुपारी धरेपर्यंत वर्षानुवर्षे धीर. दिवाळीच्या रव्यालाही बोटीची वाट पाहावी लागली असेल!

बेट ओसाड मात्र नव्हते. शोंपेन आणि निकोबारी लोक तेथे आधीपासून नांदत होते. या वसाहतीचे कौतुक करताना आपण ते सोयीस्कर विसरतो.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरची शास्त्रीनगर, गांधीनगर ही गावे उद्ध्वस्त केली. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरांहून अधिक खचली. दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. वाचलेले लोक कॅम्पबेल बेच्या पत्र्याच्या निवाऱ्यांत आले. तेथेच २०१२ साली नौदलाचा ‘बाझ’ तळ सुरू झाला, तेव्हा पहिल्या बिऱ्हाडांना येऊन त्रेचाळीस वर्षे झाली होती.