काचेतला समुद्र आणि माशांची निवड

चार फूट लांबीची एक काचेची टाकी आहे. तिच्यात प्रवाळ, दगड, वाळू आणि खारे पाणी घालून समुद्राचा एक लहानसा तुकडा उभा करायचा आहे. अशा टाकीत मासे कोणते सोडावेत? दुकानात उभा असलेला माणूस रंग पाहून उत्तर देतो. पण या साध्या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात 'योग्य मासा' या शब्दांचा अर्थ अनेकदा बदलला, आणि प्रत्येक वेळी तो बदलला टाकीचा एखादा नवा हिशेब माणसाच्या लक्षात आल्यामुळे.

गमतीची गोष्ट अशी की काचेतल्या समुद्राची सुरुवात माशांपासून झालीच नाही. सिसिली बेटावर जान विलप्र-पॉवर या संशोधक महिलेने १८३२ च्या सुमारास काचेच्या पेट्या वापरल्या, त्या आर्गोनॉट नावाच्या, अष्टपादाच्या कुळातील प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्लिश बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला नेले. समुद्र दूर, पाणी मोजकेच. मग त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीजवळ उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हा पुन्हा ओतत असे, म्हणजे त्यात हवा मिसळे. पुढच्या वर्षी त्यांनी पाण्यात समुद्रशैवाल ठेवले, आणि मोलकरणीचे बरेचसे काम शैवालाने उचलले.

ही गोष्ट नियमात बसवली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ मध्ये त्याने एका काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले, पाणी निवळले. मासा कर्बवायू सोडतो, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देते, गोगलगाय साफसफाई करते. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. योग्य मासा म्हणजे वनस्पतींच्या प्राणवायूवर ज्याचे भागेल तो मासा, हा पहिला अर्थ.

पुढे फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने समुद्री टाक्यांचे वेडच लावले. त्याच्या मदतीने १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ च्या त्याच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ केला. परिणाम असा झाला की लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर लोटले आणि खडकांमधली पाण्याची डबकी ओरबाडून रिकामी झाली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मधील आपल्या आत्मकथनात या विध्वंसाबद्दल खंत व्यक्त केली आहे. काचेतला समुद्र भरताना खरा समुद्र रिता होतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

वॉरिंग्टनचा हिशेब मात्र अपुरा होता. एक तर खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८. दुसरे म्हणजे माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो आणि तो विषारी आहे. मग संतुलित टाकीत तो जातो कुठे? काही भाग वनस्पती घेतात. उरलेल्याचा उलगडा १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाच्या कामाने झाला. मातीतील काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट करतात, हे त्याने दाखवले. अशाच प्रकारचे जिवाणू टाकीतही काम करतात. म्हणून नव्या टाकीत एकदम मासे सोडले की ते मरतात. पाणी स्वच्छ दिसते, पण जिवाणूंची संख्या वाढायला काही आठवडे लागतात. आता योग्य मासा म्हणजे ज्याचा अमोनिया टाकीतील जिवाणूंना झेपेल तो.

प्रवाळांच्या टाकीला हाच धागा उपयोगी पडला. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातील सच्छिद्र दगड त्यांवरील जीवांसह टाकीत ठेवायचे, त्यांना उजेड द्यायचा आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडायचे. या 'जिवंत दगडां'च्या पृष्ठभागावर अमोनियाचे नायट्रेट होते. त्यांच्या आत, जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. नायट्रेट वाढले तर प्रवाळांवर शेवाळ माजते, म्हणून हा शेवटचा टप्पा मोलाचा.

इथे माशाची परीक्षा आणखी कडक झाली. केवळ माशांच्या टाकीत चालणारे काही सुंदर मासे आता बाद ठरले. अनेक जातींचे फुलपाखरू-मासे प्रवाळांचे जीव टिपून खातात. आजारी माशांसाठी वापरले जाणारे तांब्याचे औषध प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाई यांना मारक ठरते. म्हणून नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवून पाहावा लागतो. मँडरिन नावाचा चिमुकला मासा दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म कवचधारी जीव वेचतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि मासा उपाशी मरतो.

आता आपली चार फुटी टाकी घेऊ. १२० × ५० × ५० सेंटिमीटर म्हणजे ३०० लिटर. समजा, दगड-वाळूने पाचवा हिस्सा व्यापला, तर पाणी उरले २४० लिटर. 'इतक्या पाण्यात इतके इंच मासा' असा एक जुना ठोकताळा आहे. तो का फसतो हे वर्गात सहज दाखवता येईल. लांबी दुप्पट झाली की, आकार तसाच राहिल्यास, वजन आठपट होते. ३ सेंटिमीटरचे दहा मासे आणि ३० सेंटिमीटरचा एक मासा यांची लांबी सारखीच. पण त्या एका माशाचे वजन दहा माशांच्या एकूण वजनाच्या शंभरपट भरेल. त्याची भूक आणि अमोनियाही खूपच जास्त. म्हणून मासा निवडताना आजची लांबी न पाहता पूर्ण वाढ पाहायची. हवाईचा पिवळा टँग दुकानात बोटाएवढा असतो, वाढून २० सेंटिमीटरचा होतो आणि निसर्गात दिवसभर शैवाल चरत हिंडतो. विदूषक मासा मात्र आयुष्य एका समुद्रफुलाच्या आसपास काढतो. त्याला आपली टाकी तुरुंग वाटण्याचे कारण नाही, आणि समुद्रफूल नसले तरी त्याचे चालते. दोन लहान पिल्ले एकत्र सोडली तर मोठे होते ते मादी बनते, दुसरे नर राहते.

शेवटचा हिशेब टाकीबाहेरचा आहे. १९६० च्या दशकापासून फिलिपाइन्समध्ये सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडले जाऊ लागले. त्यात प्रवाळ मरतात आणि वाचलेला मासाही अनेकदा काही आठवड्यांत दगावतो. इंडोनेशियातील बांगाई बेटांजवळचा चंदेरी-काळा कार्डिनल मासा १९३३ मध्ये शास्त्राला कळला. १९९० च्या दशकात त्याचा व्यापार वाढला आणि २००७ मध्ये तो संकटग्रस्त ठरला. याचा नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो. पिल्ले प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, त्यामुळे एका ठिकाणचे मासे संपले की दुसरीकडून सहसा येत नाहीत. पण याच सवयीमुळे तो टाकीत सहज वाढवता येतो. विदूषक माशाची पैदास फ्लोरिडात मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकातच साधली होती. पिवळ्या टँगची साधायला २०१५ साल उजाडले. भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ते काढता वा विकता येत नाहीत.

तेव्हा त्या २४० लिटर पाण्यासाठी यादी लहानच निघते. विदूषक माशांची जोडी, पैदास केंद्रात जन्मलेले बांगाई कार्डिनल एक-दोन, आणि एक गोबी मासा. गोबीसोबत पिस्तूल कोळंबी ठेवली तर ती बीळ खणते आणि अधू दृष्टीच्या त्या कोळंबीसाठी गोबी पहारा देतो. विद्यार्थ्यांना याच क्रमाने प्रत्येक माशाबद्दल विचारता येईल: पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, काय खातो, किती जागेत वावरतो, आणि जन्मला कुठे? रंगाचा प्रश्न त्यानंतर.