वीटभट्टीतले निवासी

‘निवासी कलावंत’ हा शब्द मराठीत छापला जातो, बोलला जात नाही. बोलताना सगळे ‘मला रेसिडेन्सी मिळाली’ असंच सांगतात, एखादी बरी नोकरी लागल्याच्या सुरात. मी बडोद्यात राहते, सिरॅमिक्सचं काम करते, आणि असे अर्ज मी भरले आहेत तसे दुसऱ्यांचे वाचलेही आहेत. आमच्या इथं येऊन तुम्ही काय घडवणार, हा प्रश्न त्या अर्जात हमखास असतो. तुम्ही घडवत असताना माती कोण मळणार, भट्टी कोण भरणार, तिच्याजवळ रात्र कोण काढणार, याची चौकशी कुठल्याच अर्जात नसते. जिथं रोज माल निघतो अशा कारखान्यात कलावंताला राहायला जागा द्यायची, ही कल्पना मुळात कुणाला आणि का सुचली, हे पाहू गेलं की आपण अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी येऊन पोहोचतो. तिथं स्टुडिओ नव्हता, विटांचा कारखाना होता.

हेलेना हे 1864 मध्ये सोनं सापडलं म्हणून वसलेलं गाव. सोन्यामागून माणसं आली, माणसांना पक्की घरं हवी झाली आणि घरांसाठी विटा. चार्ल्स ब्रे नावाचा इंग्रज वीट-कारागीर 1880 च्या दशकात तिथं आला, आणि पुढं त्याच्या हाताखाली वाढलेला कारखाना ‘वेस्टर्न क्ले मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ या नावानं चालू लागला. त्याचा मुलगा आर्ची ओहायो स्टेट विद्यापीठात सिरॅमिक इंजिनिअरिंग शिकला आणि 1931 मध्ये बापाच्या मृत्यूनंतर कारखान्याचा मालक झाला. या आर्ची ब्रेला संगीताचं वेड होतं. गावात मैफली व्हाव्यात म्हणून तो खटपट करी. विटांच्या व्यापारात असा माणूस निघावा याचं मला पूर्वी नवल वाटे. पण वीट भाजणं हा वाट पाहण्याचा धंदा आहे, आणि वाट पाहणाऱ्याला कसला ना कसला नाद लागतोच.

त्या भट्ट्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं घडलं. त्या गोल होत्या, वर घुमट, मधमाश्यांच्या जुन्या पोळीपेटीसारख्या दिसणाऱ्या. कडेच्या चुलाण्यांतला जाळ भिंतीलगत वर चढतो, घुमटाला आपटून उलटतो, रचलेल्या विटांमधून खाली उतरतो आणि जमिनीतल्या भुयारी वाटेनं धुराड्याकडं जातो. म्हणजे उष्णता वरून खाली येते. आपल्या कुंभाराचा आवा याच्या अगदी उलट: त्यात जाळ खाली आणि धूर वर. अशी एक भट्टी तापायला आणि निवायला कित्येक दिवस लागतात. तिच्यात हजारो विटा असतात आणि त्या कितीही नेटक्या रचल्या तरी कुठं ना कुठं जागा उरते. हेलेनातले वकील पीटर मेलॉय आणि त्यांचे चित्रकार भाऊ हँक यांना मातीचा छंद होता. त्यांची भांडी ब्रेच्या भट्टीत, विटांच्या सोबतीनं भाजली जाऊ लागली. ग्रेट फॉल्सचे ब्रॅन्सन स्टीव्हन्सन त्यांना येऊन मिळाले. हे तेलकंपनीतले अधिकारी. असा मालक, वकील आणि तेलवाला यांचा मेळ जमला, आणि 1951 मध्ये कारखान्याच्या आवारातच कलावंतांसाठी एक जागा उभारायचं ठरलं. आर्चीच्या डोक्यात चित्रकला, विणकाम, संगीत, सगळंच होतं. प्रत्यक्षात उभी राहिली ती कुंभारकामाची इमारत.

ती बांधायला आले पीटर व्होल्कस आणि रुडी ऑटियो. व्होल्कस बोझमनचा, ग्रीसहून आलेल्या आईबापांचा मुलगा. ऑटियो ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावचा, फिनिश घरातला. दोघंही दुसऱ्या महायुद्धातून परतले होते आणि माजी सैनिकांसाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीवर बोझमनच्या कॉलेजात शिकले होते. 1951 च्या उन्हाळ्यात दिवसा ते वीटभट्टीत मजुरी करत आणि रात्री आपली भांडी. स्टुडिओची इमारतही त्याच उन्हाळ्यात, त्याच कारखान्याच्या विटांनी, त्यांच्या हातांनी उभी राहिली. अमेरिकेतल्या सिरॅमिक्सचे पहिले नामवंत निवासी कलावंत म्हणून ही दोघं ओळखली जातात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांना पैसे मिळत होते ते विटांच्या कामाचे. कलावंत आणि मजूर हे तिथं वेगळे दोन माणूस नव्हते. एकाच माणसाच्या दोन पाळ्या होत्या.

या कथेत एक बाई नेहमी तळटीपेत जाते, म्हणून तिला इथं वर घेते. व्होल्कस आणि ऑटियो या दोघांना माती शिकवली फ्रान्सेस सेन्स्का यांनी. त्यांचा जन्म आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये, मिशनरी आईबापांच्या पोटी. बोझमनच्या कॉलेजात त्यांनी कुंभारकामाचा वर्ग चालवला, आणि विद्यार्थ्यांना घेऊन त्या आसपासच्या डोंगरांतून माती खणून आणत. माती पोत्यातून येत नाही, जमिनीतून येते, हा धडा घेतलेली पोरंच वीटभट्टीत जाऊन राहू शकली. सेन्स्का नसत्या तर आर्चीची इमारत उभी राहिली असती. ती भरली असती की नाही, शंका आहे.

कारखान्यानं कलेला काय दिलं? मळलेली माती, गॅस, भट्टी बांधायला विटा, आणि मोठं काही करून पाहायची सवय. ऑटियोनं कच्च्या विटांवर उठावाची शिल्पं कोरली, ती तुकड्यातुकड्यांनी भाजली आणि इमारतींच्या भिंतीत बसवली. ग्रेट फॉल्सच्या मेथडिस्ट चर्चवर त्याचं असं काम आहे. कपबशा करणाऱ्या स्टुडिओत हे सुचलं नसतं. 1952 मध्ये बर्नार्ड लीच, शोजी हामादा आणि सोएत्सु यानागी अमेरिकेच्या दौऱ्यात हेलेनाला आले. हामादांनी तिथल्या चाकावर भांडी केली. पाहणारे हे दोन तरुण होते, आणि त्यातल्या व्होल्कसनं पुढं लॉस एंजेलिसला जाऊन भांड्याचा आकारच फोडून-जोडून सिरॅमिक्सला शिल्पकलेत नेऊन बसवलं.

पण कारखान्याच्या आधारावर उभं राहिलेलं कारखान्याबरोबर कोसळूही शकतं. आर्ची ब्रे फेब्रुवारी 1953 मध्ये वारला. 1954 मध्ये व्होल्कस गेला, 1957 मध्ये ऑटियो विद्यापीठात शिकवायला गेला. विटांची मागणी घटत होती, आणि 1960 मध्ये कारखाना विकला गेला. त्याच्या हिशेबात कुंभारकामाची इमारतही होती. तेव्हाचे संचालक केन फर्ग्युसन आणि त्यांच्या मित्रांनी ती कशीबशी वाचवली. भोवतीचं सव्वीस एकरांचं आवार, पडक्या घुमटांसकट, संस्थेला परत मिळालं ते थेट 1984 मध्ये. आज तिथं जगभरातून कलावंत राहायला येतात, आणि संस्था चालायला हातभार म्हणून मळलेली माती विकते. विटा गेल्या, मातीचा धंदा उरला. आता निवासी कलावंताला दिवसा विटा वाहाव्या लागत नाहीत. हा बदल चांगलाच आहे, विटा वाहणं ही काही साधना नव्हे. पण मजुरीची पाळी आणि कलेची पाळी ज्या दिवशी वेगळ्या माणसांकडं गेल्या, त्या दिवसाची नोंद कुणी ठेवलेली दिसत नाही.

आपल्याकडं ही फाळणी मुळापासूनच होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी या अधीक्षकांनी कुंभारकाम सुरू केलं आणि त्यासाठी सिंधमधून कुंभार आणवले. त्याच काळात ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. ते नक्षीकाम या भांड्यांवर उतरलं. सिंधी झिलई, अजिंठ्याची नक्षी, मुंबईची शाळा: असा तो माल विलायतेत वाखाणला गेला. घर सोडून दुसऱ्याच्या भट्टीवर येऊन राहिलेले, आपलं कसब घेऊन आलेले ते सिंधी कुंभार निवासी कलावंत नव्हते, तर मग कोण होते? लंडनच्या संग्रहालयात ती भांडी शाळेच्या नावानं ओळखली जातात.

दिल्लीत सरदार गुरचरणसिंग यांनी जरा वेगळी वाट धरली. ते भूगर्भशास्त्र शिकलेले, आणि माती शिकले राम सिंग काबली यांच्या कारखान्यात, अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभाराकडून. मग 1919 मध्ये जपानला गेले. तिथं त्यांची लीच, हामादा आणि यानागी यांच्याशी गाठ पडली, म्हणजे हेलेनाच्या बरीच वर्षं आधी. 1952 मध्ये त्यांनी ‘दिल्ली ब्लू’ सुरू केलं. जपानी पाहुणे मोंटानात पोचले तेच वर्ष. तीन पाहुणे आणि एक शीख गृहस्थ, एकाच मैत्रीची दोन टोकं. गुरचरणसिंगांनी अब्दुल्लांचं नाव लपवलं नाही, म्हणून आज मला ते लिहिता येतं. एवढीशी गोष्ट, पण तीही दुर्मीळ आहे.

आणि पाँडिचेरी. 1971 मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या अमेरिकन जोडप्यानं तिथं ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. आज भारतात स्टुडिओ पॉटरी करणाऱ्या किती जणांची वाट या एका दारातून गेली आहे, ते कोणत्याही प्रदर्शनाच्या पत्रिकेत दिसतं. पण गोल्डन ब्रिज आधी कारखाना होता: आसपासच्या गावांतले लोक शिकून तयार झाले, त्यांनी जेवणाची भांडी केली, ती विकली गेली, आणि त्या विक्रीवर बाकीचं चाललं. मीकर यांनी 1980 च्या दशकात अख्खी घरं भाजून पाहिली. कच्च्या विटांचं घर बांधायचं, त्याच्या पोटात आणखी कच्च्या विटा आणि मातीचा माल रचायचा आणि घरालाच भट्टी करून पेटवायचं. घरही पक्कं होतं, मालही निघतो. ब्रेच्या घुमटांना हे ऐकून आनंद झाला असता.

या कारखान्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट कलावंतांची नाही. तिथं हात बसलेल्या कामगारांपैकी अनेकांनी पुढं आपापल्या भट्ट्या घातल्या, आणि ‘पाँडिचेरी पॉटरी’ म्हणून दुकानांत जो माल दिसतो त्यातला पुष्कळसा त्यांच्या हातचा. त्यांना कुणी रेसिडेन्सीचं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. स्टुडिओ पॉटरीच्या आमच्या मंडळींत त्या मालाविषयी नाक मुरडून बोलायची पद्धत आहे: तोच घाट, तीच झिलई, नक्कल. मला हे पटत नाही. लीचच्या सेंट आइव्हजच्या कारखान्यात शिकून आलेल्यांनी लीचचे घाट जन्मभर केले, त्याला आपण परंपरा म्हणतो.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका स्टुडिओत चार महिने निवासी होते. खोली, चाक, भट्टीतले दोन फड, आणि शेवटी प्रदर्शन. तिथं माझ्या भांड्यांची भट्टी माझ्यापेक्षा जास्त वेळा दुसऱ्याच माणसानं सांभाळली. तो आवारातच, मागच्या पत्र्याच्या खोलीत, अकरा वर्षं राहत होता. पत्रिकेवर ‘निवासी’ या शब्दाखाली आम्हा पाहुण्यांची नावं होती.

आता बडोद्याजवळ एक लहानसा स्टुडिओ रेसिडेन्सी सुरू करू पाहतो आहे, आणि अर्जाचा मसुदा माझ्याकडं आला आहे. मी त्यात लिहिलं: निवासी कलावंतानं आठवड्यातले दोन दिवस स्टुडिओच्या मालाच्या कामाला द्यावेत, आणि वर्षातला एक महिना स्टुडिओच्या कारागिरांपैकी एकाला पगार चालू ठेवून निवासी नेमावं. पहिल्या अटीवर समितीत वाद झाला. अशानं कुणी अर्जच करणार नाही, असं एकाचं म्हणणं. दुसरीवर कुणी काहीच बोललं नाही. तिथले भट्टी पाहणारे गृहस्थ पूर्वी मोरबीच्या टाइल कारखान्यात होते. त्यांना मी दोन्ही अटी वाचून दाखवल्या. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बेन, महिनाभर मी माझं काम करायचं ते ठीक आहे. पण ते दोन दिवसवाले भट्टी पेटवायला आधी माझ्याकडं शिकणार ना? तेवढं त्यात लिहा.” तिसरी अट लिहिली आहे. मसुदा अजून समितीकडंच आहे.