फ्लाइट सिम्युलेटरमधील स्मृतिसमस्या व मंदगती

फ्लाइट सिम्युलेटर ही संगणकावर विमानोड्डाणाचा आभास निर्माण करणारी आज्ञावली होय. उड्डाण चालू असताना पडद्यावरील दृश्य अडखळणे, जमीन धूसर दिसणे, चित्र गोठणे किंवा आज्ञावली मध्येच बंद पडणे या अडचणींना सामान्यतः स्मृतिसमस्या असे संबोधले जाते. वरवर सारख्या दिसणाऱ्या या अडचणींमागे रॅम, ग्राफिक्स कार्डावरील स्मृती, जुन्या ३२-बिट आज्ञावल्यांचा मर्यादित पत्तावकाश आणि चकतीवरून किंवा इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीचा वेग यांपैकी कोणतेही कारण असू शकते. काही वेळा तर स्मृतीचा काहीच संबंध नसतो. कारण न ओळखता रॅम वाढविल्यास खर्च होतो आणि दोष मात्र कायम राहतो.

स्मृती कशात खर्च होते

सिम्युलेटरला विमानाखालील जमीन, तिच्यावरील चित्रे, इमारती, झाडे, हवामान आणि विमानाचा कॉकपिट हे सर्व एकाच वेळी स्मृतीत ठेवावे लागते. जमिनीच्या उंचीची माहिती अनेक सिम्युलेटरांमध्ये 'एसआरटीएम' या मोहिमेतून आलेली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने हे मोजमाप केले. त्याची माहिती एक अंश अक्षांश व एक अंश रेखांश एवढ्या चौकोनांत विभागलेली असते. सुमारे ९० मीटर अंतरावरील नोंदींच्या चौकोनात १२०१ × १२०१ बिंदू असतात व त्याची फाईल २.९ एमबीच्या आसपास भरते. ३० मीटर अंतरावरील नोंदींच्या चौकोनात ३६०१ × ३६०१ बिंदू असून तीच फाईल जवळपास २६ एमबी होते. म्हणजे बारकावा तिप्पट केला की माहिती नऊपट होते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. उल्कापातामुळे बनलेल्या या विवराचा व्यास कडेपासून कडेपर्यंत सुमारे १.८ किमी आहे. ९० मीटरच्या नोंदींमध्ये त्याच्या रुंदीत जेमतेम वीस बिंदू येतात, त्यामुळे सिम्युलेटरमध्ये ते एखाद्या बोथट वाटीसारखे दिसते. ३० मीटरच्या नोंदींत साठ बिंदू येतात आणि उभा कडा व तळ वेगळे ओळखू येतात. साहजिकच हौशी मंडळी अधिक बारकाव्याचे भूदृश्य उतरवून घेतात. परंतु त्यासोबत विवराबाहेरील सपाट शेतजमीनही नऊपट तपशिलाने स्मृतीत येऊन बसते.

उंचीपेक्षाही चित्रांचा भार मोठा असतो. ४०९६ × ४०९६ बिंदूंचे एक चित्र संक्षेपाविना ६४ एमबी जागा घेते. प्रचलित संक्षेपपद्धतींनी ते ८ ते १६ एमबीपर्यंत उतरते, पण दुरून पाहण्यासाठीच्या त्याच्या लहान आवृत्त्यांमुळे त्यात पुन्हा एक-तृतीयांश भर पडते. चित्राची बाजू निम्मी केली की जागा एक-चतुर्थांश होते. म्हणूनच चित्रांची प्रत एक पायरी खाली आणणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

दृश्यमर्यादेचा हिशेबही असाच वर्गाने वाढतो. चहूबाजूंना ५५ किमीपर्यंतचे दृश्य हवे असेल, तर सुमारे ९,५०० चौ. किमी प्रदेश लागतो. बुलढाणा जिल्ह्याचे एकूण क्षेत्रफळ ९,६६१ चौ. किमी आहे. दृश्यमर्यादा ११० किमी केल्यास असे चार जिल्हे लागतात.

जागा, वेळ की दिशा

दोषाचे निदान करताना पहिला प्रश्न हा असावा की अडखळ ठरावीक जागी येते, ठरावीक वेळाने येते, की ठरावीक दिशेला पाहिल्यावर येते. त्यासाठी एकच मार्ग, एकच विमान व एकच हवामान ठेवून दोन-तीनदा उड्डाण करावे लागते. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

बुलढाणा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानतळ नसल्यामुळे लोणारचे आभासी उड्डाण बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून सुरू होते. अंतर सरळ रेषेत सुमारे ११५ किमी आहे. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानाला त्यासाठी साधारण पस्तीस मिनिटे लागतात. 'एक्स-प्लेन' या सिम्युलेटरमध्ये भूदृश्याच्या फायली एकेका अंशाच्या चौकोनानुसार असतात. या मार्गावर सुमारे ६३ किमी अंतरावर, जालना मागे टाकल्यावर आणि सिंदखेड राजा येण्यापूर्वी, विमान ७६ अंश पूर्व रेखावृत्त ओलांडते. अशा सीमेच्या आसपास सिम्युलेटर पुढचे चौकोन वाचू लागतो. प्रत्येक उड्डाणात याच टप्प्यावर काही क्षण अडखळत असेल आणि नंतर सर्व सुरळीत होत असेल, तर दोष चकतीच्या वेगात आहे. फिरत्या चकतीऐवजी एसएसडी वापरल्यास तो पुष्कळ कमी होतो. रॅम दुप्पट करून फारसा फरक पडत नाही.

लोणारची आणखी एक गंमत आहे. सरोवराचा मध्य २० अंश उत्तर अक्षवृत्तापासून केवळ अडीच किमीच्या आसपास दक्षिणेस आहे. त्यामुळे विवराभोवती एक मोठी घिरटी घातली तरी विमान दोन चौकोनांत ये-जा करते आणि थेट बुलढाणा व शेगावपर्यंतचा उत्तरेकडील चौकोनही स्मृतीत ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये प्रदेशाची विभागणी निराळी असल्याने तेथे हे टप्पे या जागी जाणवत नाहीत.

अडखळ जागेवर अवलंबून नसेल, पण उड्डाण जितके लांबेल तितकी वाढत असेल, तर स्मृतिगळतीचा संशय घ्यावा. वापरून झालेली स्मृती आज्ञावलीने परत न करणे म्हणजे स्मृतिगळती. तिची परीक्षा सोपी आहे: विमान धावपट्टीवर उभे ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दर दहा मिनिटांनी स्मृतीचा वापर लिहून ठेवावा. आकडा सुरुवातीला वाढून मग स्थिरावला, तर ती नेहमीची साठवण असते, दोष नव्हे. तासाभरानंतरही तो सारखा चढत राहिला तर गळती आहे. गळतीचे कारण बहुतेकदा मूळ सिम्युलेटरपेक्षा बाहेरून जोडलेल्या विमानात किंवा उपप्रणालीत सापडते. सर्व जोडण्या काढून घेऊन त्या एकेक परत बसवीत गेल्यास दोषी जोडणी उघडी पडते.

दृष्टी वळविताच, विशेषतः कॉकपिटच्या आत किंवा मोठ्या विमानतळाकडे पाहताना चित्र अडखळत असेल, तर बहुधा ग्राफिक्स कार्डाची स्मृती भरलेली असते. ती भरली की चित्रे मुख्य स्मृतीतून आणावी लागतात आणि तो मार्ग कितीतरी मंद असतो. 'एक्स-प्लेन'ने २०२० मध्ये ११.५० आवृत्तीपासून व्हल्कन व मेटल या पद्धती स्वीकारल्या. तेव्हापासून स्मृती कमी पडल्यास तो चित्रांची प्रत स्वतःच उतरवितो. म्हणून तेथे अडखळ न येता धावपट्टीवरील अक्षरेच पुसट झालेली दिसू शकतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये हीच स्मृती रॅममधून कापली जाते, त्यामुळे ८ जीबीचा लॅपटॉप सिम्युलेटरच्या दृष्टीने पूर्ण ८ जीबीचा राहत नाही.

३२-बिट आज्ञावल्यांची मर्यादा

'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स' हा २००६ मध्ये आला. तो ३२-बिट असल्याने त्याला स्मृतीचे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, म्हणजे ४ जीबी, वापरता येतात. ३२-बिट विंडोजवर तर सामान्यतः २ जीबीच मिळतात. संगणकात ३२ जीबी रॅम असली तरी ही मर्यादा बदलत नाही. घराचे कोठार कितीही मोठे असले तरी नोंदवहीची पाने संपल्यावर नवे पोते नोंदविता येत नाही, तसाच हा प्रकार. लांबच्या उड्डाणाच्या शेवटी, नेमके उतरण्याच्या वेळी, 'स्मृती संपली' असा संदेश येऊन सर्व बंद पडण्याचा अनुभव यातूनच येई; कारण वाटेत साठत गेलेल्या प्रदेशात गंतव्य विमानतळाचा मोठा भार येऊन पडे. उरलेला पत्तावकाश एफएसयूआयपीसी या जोडणीतून पाहता येई.

या आवृत्तीवर उपाय एकच: दृश्यमर्यादा, चित्रांची प्रत व इतर विमानांची वाहतूक कमी ठेवणे. 'एक्स-प्लेन' २०१३ मध्ये व 'प्रीपार३डी' २०१७ मध्ये ६४-बिट झाल्यावर हा अडसर दूर झाला. २०२० चा 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' आरंभापासूनच ६४-बिट आहे. पत्तावकाश मोकळा होताच प्रत्यक्ष रॅमची भूक मात्र वाढली: २०२० च्या आवृत्तीसाठी निर्मात्यांनी किमान ८ व शिफारस १६ जीबी सांगितली होती, तर २०२४ च्या आवृत्तीसाठी हे आकडे अनुक्रमे १६ व ३२ जीबी झाले.

इंटरनेटवरून येणारे भूदृश्य

मायक्रोसॉफ्टच्या नव्या आवृत्त्या भूदृश्याचा बराच भाग उड्डाण चालू असतानाच इंटरनेटवरून घेतात. जोडणी मंद असेल तर जमीन धूसर राहते. पण विमान सुरळीत उडत राहते. ही खूण महत्त्वाची आहे, कारण पुष्कळदा याचाही दोष रॅमवर टाकला जातो. एकाच परिसरात वारंवार उडणाऱ्यांना चकतीवरील साठवणीचा उपयोग होतो. मुक्त-स्रोत 'फ्लाइटगिअर'मध्ये टेरासिंक ही सोय आवश्यक प्रदेश उतरवून चकतीवर ठेवते. पुढील उड्डाणात तो पुन्हा मागवावा लागत नाही. जुन्या संगणकांवर याच सिम्युलेटरची शिफारस करणे योग्य ठरते, कारण तो विनामूल्य आहे आणि त्यातील झाडे, इमारती व दृश्यमर्यादा स्वतंत्रपणे कमी करता येतात.

स्मृतीशी संबंध नसलेली मंदगती

उन्हाळ्यात मलकापूर, शेगाव यांसारख्या पूर्णेच्या खोऱ्यातील गावांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी लॅपटॉपचा प्रोसेसर ठरावीक उष्णतेनंतर स्वतःचा वेग उतरवितो. उड्डाण पंधरा-वीस मिनिटे चांगले चालून नंतर मंदावते, आणि बाह्य लक्षण हुबेहूब स्मृतिगळतीसारखे दिसते. फरक असा की टास्क मॅनेजरमध्ये स्मृतीचा आकडा स्थिर राहतो व प्रोसेसरचा वेग घसरलेला दिसतो. पंख्यातील धूळ काढणे, लॅपटॉप गादीवर न ठेवता कठीण पृष्ठभागावर ठेवणे आणि फ्रेमचा दर ३० वर बांधून घालणे यांनी फरक पडतो. हेच उड्डाण पहाटे करून पाहिल्यास शंका उरत नाही.

स्मृती 'साफ' करून देण्याचा दावा करणाऱ्या आज्ञावल्या टाळाव्यात. त्या सिम्युलेटरच्या वापरातील माहिती चकतीवर ढकलतात. टास्क मॅनेजरमध्ये मोकळ्या स्मृतीचा आकडा क्षणभर वाढतो, आणि पुढच्याच वळणावर ती माहिती परत वाचावी लागल्याने अडखळ अधिक तीव्र होते. विंडोजची पेजफाईल बंद करण्याचा सल्लाही असाच घातक आहे; ती नसेल तर रॅम भरल्यावर सिम्युलेटर मंद होण्याऐवजी थेट बंद पडतो.